हिरवा दिवा, कलम तीन

२ एप्रिल २००७, सोमवार. पांढरकवडा.

रोजनिशी सुरू. खरं तर काल सुरू करणार होतो, पण काल एक एप्रिल होता. इतक्या मोठ्या कामाची सुरुवात त्या तारखेला नको.

काम असं. गेल्या महिन्यात दिल्लीहून एक पाहणी पथक आलं. हल्ली जिल्ह्यात पाहणी पथकांना तोटा नाही. कापसाचं काय चुकलं हे विचारायला दर आठवड्याला एखादी पांढरी गाडी येते, लोकांना उत्तरं पाठ झाली आहेत. या पथकाने मात्र जाताना आमच्या ग्रामसंपर्क समितीला पाच डबे दिले. बिनतारी डबे. प्रत्येक डबा शेजारच्या डब्याशी बोलतो आणि त्याचा निरोप पुढच्याला देतो. मधे तार नाही, एक्स्चेंज नाही. याला मेश नेटवर्क म्हणतात. मंदारने पुण्याहून फोनवर समजावून सांगितलं. मला ते आधीच माहीत होतं, पण मुलगा उत्साहाने सांगत होता म्हणून ऐकून घेतलं.

मी टेलिफोन ऑफिसातून सुपरवायझर म्हणून रिटायर झालो. सगळी नोकरी तारेत गेली. त्यामुळे समितीने डबे माझ्या ताब्यात दिले हे योग्यच झालं.

समितीचं म्हणणं, लगेच लावून टाका. मी म्हटलं, आधी मानक. अमेरिकेत मोठमोठे इंजिनियर या मेशचं स्टँडर्ड ठरवायला कधीचे बसले आहेत, अजून उठलेले नाहीत. आपण पांढरकवड्यात ते पावसाळ्याच्या आत ठरवू. समितीत शांतता पसरली. प्रभाव पडला असावा.

रजनीला सांगितलं. ती म्हणाली, आधी कूलरच्या ताट्या बदला.

संकल्प: रोज सकाळी दोन कलमं. चहा एकदाच. कोणावरही चिडायचं नाही.

५ एप्रिल

कलम एक पूर्ण. खांब. लोखंड कोणतं, पाया किती, रंग कोणता. दीड पान झालं. एवढा सखोल विचार अमेरिकेत कोणी केला असेल असं वाटत नाही.

चहा चार वेळा. रजनीने ताट्यांचा विषय काढला. चिडलो नाही, फक्त आवाज मोठा झाला.

९ एप्रिल

आज वरच्या तांड्याचा रूपसिंग भेटायला आला. आमच्या पाच ठिकाणांपैकी शेवटचं ठिकाण त्याचा तांडा, तिकडे झरी जामणीच्या जंगलात. पहिला डबा माझ्या गच्चीवर, मग पाण्याची टाकी, मग शाळा, मग जंगलखात्याचा मचाण, आणि टोकाला तांड्याचं आरोग्य उपकेंद्र. पावसाळ्यात तिथला नाला भरला की तांडा तुटतो. मोबाइलला रेंज नाही.

मागच्या पावसाळ्यात त्याच्या बायकोच्या, दीपाच्या, पोटात दुखायला लागलं. जीप बोलवायला माणूस पोहत पलीकडे गेला. जीप आली ती पलीकडच्याच काठावर उभी राहिली. बाळ गेलं. रूपसिंग हे सांगताना माझ्याकडे पाहत नव्हता, टेबलावरच्या डब्याकडे पाहत होता. आता दीपाला पुन्हा दिवस गेले आहेत. ऑगस्टातली तारीख आहे.

त्याने विचारलं, ‘साहेब, पान्याच्या आधी लागन का हा डबा?’

मी म्हटलं, पाण्याच्या आधी मानक लागेल. डबा त्याच्या मागोमाग.

त्याला समाधान वाटलं असावं. चहा अर्धा ठेवून गेला.

१४ एप्रिल

अश्वजित आज मिळणार नाही. जयंती आहे. बसस्टँडजवळ त्याचं डिश अँटेनाचं दुकान आहे. खांबावर चढणं, तारा जोडणं वगैरे किरकोळ भाग त्याच्याकडे दिला आहे. मिरवणुकीत साउंड त्याचाच होता. मला पाहून त्याने गाडीवरूनच ओरडून विचारलं, ‘काका, झालं का तुमचं संविधान?’ आजूबाजूचे हसले. प्रेमाने हसले.

सरबत तीन ग्लास. कलम दोन राहिलं.

१८ एप्रिल

कलम दोन: ‘डबा बंद पडणार नाही.’ एकच वाक्य, पण त्यावर दोन दिवस विचार केला. मानकात पळवाट ठेवली की माणसं त्याच वाटेने जातात. चौतीस वर्षांचा अनुभव आहे.

कलम तीन हे या मानकाचं हृदय आहे. तांड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना अक्षर येत नाही, म्हणून डब्याला दोन दिवे आणि दोन बटणं. लाल म्हणजे मदत पाठवा. हिरवा म्हणजे सर्व ठीक. आणि शेवटी, ‘हिरवा अपेक्षित असताना लागला नाही, तर ठीक नाही असे समजावे.’

अश्वजित वाचून म्हणाला, ‘काका, डबाच बंद पडला त?’

मी त्याला कलम दोन दाखवलं.

तो म्हणाला, ‘मंग मधात कुठी निरोप अडकला त?’

मी म्हटलं, अरे, दिवा एकतर लागतो किंवा लागत नाही. तिसरी गोष्ट जगात नाही. तो म्हणाला, ठीक आहे, तुम्ही मोठे आहात. ते त्याला पटलं हे चांगलं झालं.

मंदारलाही फोनवर वाचून दाखवलं. त्याने अगदी तेच विचारलं. ही पिढी एकमेकांशी बोलून ठेवते.

२६ एप्रिल

मार्गाची पाहणी. हा दिवस लक्षात राहील.

अश्वजितच्या मोटरसायकलवर मागे बसून सगळी ठिकाणं फिरलो. कंबर गेली. पण मचाणावर चढलो आणि श्रमाचं चीज झालं. सगळं सागाचं जंगल, आणि झाडावर एक पान नाही. सगळी पानं खाली, चालताना पापडासारखी मोडतात. नुसत्या काड्या उभ्या. पलीकडे थेट तांडा दिसतो. दुर्बिणीतून उपकेंद्राचा पत्रा चमकताना पाहिला. एक बाई कपडे वाळत घालत होती, तेही दिसलं.

अश्वजित म्हणाला, एवढी साफ लाइन त्याने गावातही पाहिली नाही. त्याच्या तोंडून माझ्या कामाचं हे पहिलं कौतुक.

मानकात तिथेच लिहिलं: ‘दृष्टिमार्ग उत्तम, कायमस्वरूपी.’ अश्वजितने साक्षीदार म्हणून सही केली.

७ मे

समितीची बैठक. डबे अजून माझ्या कपाटातच का आहेत, अशी पृच्छा. मी कलम अकरा वाचायला घेतलं. अध्यक्ष म्हणाले, वामनराव, पाऊस कलम अकरापर्यंत थांबणार नाही. असभ्य वाक्य होतं, पण संकल्पाप्रमाणे चिडलो नाही. उठून बाहेर गेलो, पाणी प्यायलो, परत आलो. तोवर डबे लावण्याचा ठराव झाला होता.

सबब, मानक आणि उभारणी समांतर. खरं तर हीच आधुनिक पद्धत आहे.

१५ मे

चार डबे उभे. ऊन म्हणजे ऊन. अश्वजित वर चढतो, मी खालून मानक वाचतो. टाकीवर असताना त्याने मला एकदा कागद बंद करायला सांगितलं. लोड शेडिंगमुळे वीज दिवसातून घटकाभर येते, म्हणून प्रत्येक डब्याला ट्रॅक्टरची बॅटरी आणि सोलरची पाटी लावली. बॅटरी कलमात बसत नव्हती, कलम बॅटरीत बसवलं.

घरात कूलर गरम हवा फेकतो. रजनी ओल्या टॉवेलने चेहरा पुसत माझ्याकडे पाहते. ताट्या या रविवारी नक्की.

२० मे, रविवार

आज ताट्या जमल्या नाहीत, कारण उद्घाटन होतं.

वरचा तांडा. पाचवा डबा उपकेंद्राच्या ओसरीत. अर्धा तांडा तेंदूपत्ता तोडायला गेला होता, तरी बरीच माणसं जमली. रजनी पण आली, माझ्यासाठी नाही, तांडा पाहायला. मी पंचेचाळीस मिनिटं बोललो. मग ठरल्या वेळी पांढरकवड्याहून, म्हणजे माझ्या घरून, अश्वजितने बटण दाबलं आणि ओसरीत हिरवा दिवा लागला!

पोरं ओरडली. मी चष्मा पुसला. धूळ फार होती.

रूपसिंगची आई तानाबाई सर्वात पुढे बसल्या होत्या. नातवंडासाठी ओसरीच्या आढ्याला त्यांनी आत्तापासूनच लुगड्याची झोळी बांधून ठेवली आहे. तिथून सगळ्यांना दोन्ही दिसतात, दिवाही आणि झोळीही. मी कलम तीन सोप्या भाषेत सांगितलं. मग परीक्षा घेतली. बाकीचे चुकले. तानाबाई म्हणाल्या, ‘हिरवा लागला त समदं चांगलं. नाही लागला त समजून घ्याचं.’ मी विचारलं, आणि डबा बिघडला तर? त्या म्हणाल्या, ‘डबा बिघडत नाही. तुमच्या कागदात लिहून हाये.’

संपूर्ण जिल्ह्यात मानक समजलेली ही पहिली व्यक्ती. टाळ्या वाजवल्या.

रजनी मात्र तिकडे दीपाशेजारी बसून कुजबुजत होती. परत येताना म्हणाली, पाणी लागण्याच्या आधी दीपाला आपल्याकडे घेऊन येऊ. सरकारी दवाखाना जवळ आहे, बाळंतपण इथेच होऊ दे. मी म्हटलं, अगं, मग डबा कशासाठी लावला? ती म्हणाली, डबा राहू द्या, ती येते आहे.

घरच्याच माणसाने विश्वास दाखवला नाही, तर बाहेर काय सांगायचं?

३ जून

रोज संध्याकाळी दिवेलागणीला तानाबाई तिकडून हिरवं बटण दाबतात आणि आमच्या हॉलमध्ये दिवा लागतो. मग इकडून रजनी दाबते. मानकात हे नाही. पण दोघींना सवय लागली आहे. रजनी कणीक मळता मळता हात धुऊन येते आणि बटण दाबून जाते. मी त्याला ‘दैनिक चाचणी’ असं नाव दिलं आहे.

अमेरिकेच्या समितीला इंग्रजीतून ईमेल पाठवलं. आमचं मानक चालू झालं आहे, हवं असेल तर प्रत मागवावी.

१९ जून

पाऊस. आज तानाबाईंचा दिवा उशिरा लागला, आणि लगेच विझला. हवेत ओल असेल.

अमेरिकेचं उत्तर नाही. चर्चेत असतील.

२७ जून

सलग तीन दिवस दिवा नाही. कारणं खालीलप्रमाणे संभवतात: ओल, माकडं, बॅटरी, ढग, सोलरच्या पाटीवर पक्ष्यांची घाण. अश्वजित चौथ्या डब्यापर्यंत जाऊन आला. म्हणतो, डबे ठणठणीत आहेत, बॅटरी भरलेली आहे, माकडांनी हात लावलेला नाही, ‘मले समजून नाही राह्यलं काका.’ मी म्हटलं, डबे ठीक असतील तर मेश ठीक आहे. कलम दोन.

तो हात पुसत बसला.

४ जुलै

आज चाचणी घेतली नाही. त्यामुळे आज एकही अपयश नाही.

८ जुलै, रविवार

रूपसिंग दीपाला घेऊन आला. सोबत बाबूसिंग, त्याचा चुलतभाऊ. दीपाला मंदारची खोली दिली. आल्या आल्या तिने हॉलमधल्या दिव्याकडे पाहिलं आणि विचारलं, सासूबाई म्हणतात, काकू आता दिवा नाही लावत, काहून?

रजनीने माझ्याकडे पाहिलं.

मी प्रसंगावधान राखलं. सांगितलं की पावसाळ्यात सोलरला ऊन कमी पडतं, म्हणून बॅटरी बचत धोरण सुरू केलं आहे. रोजचा दिवा बंद. आता हिरवा दिवा थेट बाळंतपणाच्या दिवशी. बाबूसिंगला बजावलं, तानाबाईंना असंच सांग: ज्या दिवशी दिवस भरतील त्या दिवशी दिवा पाहायचा. हिरवा म्हणजे दोघं सुखरूप.

बाबूसिंगने ते दोनदा म्हणून घेतलं आणि गेला.

रजनीने स्वयंपाकघरात विचारलं, बॅटरी बचत धोरण कधी ठरलं? मी म्हटलं, धोरणं अशीच ठरतात.

२२ जुलै

अश्वजितला घेऊन स्वतः मचाणापर्यंत गेलो. पुढे नाला, पाणी फार. दुर्बीण लावली. तांडा दिसला नाही. ढग असावेत. जंगल मात्र काय हिरवं झालं आहे! डोळे निवले. पावसाळ्यात माणसाने एकदा तरी इकडे यावं.

भिजलो. शिंका. रजनीने काढा दिला.

६ ऑगस्ट, सोमवार

सकाळपासून दीपाला कळा. दवाखान्यात नेलं. रूपसिंग व्हरांड्यात येरझारा घालतो आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अवघड आहे, पण पाहू.

बाबूसिंग बाजाराला आला होता, तो थेट दवाखान्यात आला. म्हणाला, ‘बाळ होयेपर्यंत थांबतो, मंग निरोप घेऊनच जातो. तानाकाकी वाट पाहून राह्यली.’ आभाळ काळं झालं होतं. मी म्हटलं, कशाला थांबतोस? नाला चढला तर अडकशील. तू पुढे हो, बाळ झालं की मी दिवा लावतो. तू पोहोचायच्या आत निरोप पोहोचलेला असेल.

त्याने रूपसिंगकडे पाहिलं. रूपसिंगने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. बाबूसिंग गेला. तानाबाईंना सांगायला, की आजच आहे, दिव्यासमोर बसा.

दुपारी मुलगी झाली. दीपाला रक्त द्यावं लागलं, पण दोघी सुखरूप. रजनी रडली. रूपसिंग भिंतीला टेकून खाली बसला तो उठेचना. मी धावत घरी आलो आणि हिरवं बटण दाबलं. बटण दाबल्याची खूण म्हणून माझ्या बाजूचा दिवा लागला! अभिमानाने ऊर भरून आला, हे लिहायला लाज कसली.

तांड्याकडून उलट बटण दाबून पोच यायला हवी होती. कलम चार. आली नाही. आनंदात विसरले असतील.

७ ऑगस्ट

रात्रभर पाऊस. पोच नाही. आज बटण बऱ्याच वेळा दाबलं. अजून उत्सव चालू असेल तर फारच झालं.

बाळ छान आहे. नाक रूपसिंगवर.

८ ऑगस्ट

नाला दुथडी. एस.टी. अलीकडच्या गावापर्यंतच जाते. रूपसिंगने विचारलं, ‘साहेब, याडीले समजलं ना?’ याडी म्हणजे आई. मी म्हटलं, हो. म्हणजे, समजलंच असेल. तो लगेच हसला. इतका मनापासून हसला की मला हॉलमध्ये थांबता येईना. गच्चीवर जाऊन खांब पाहिला. खांब कलमाप्रमाणे आहे.

९ ऑगस्ट

अश्वजितला गच्चीवर बोलावलं. हळूच विचारलं. तो म्हणाला, तांड्यापर्यंत जूनपासूनच काही जात नाही, तुम्हाला माहीत आहे ना काका? मी म्हटलं, माहीत असणं वेगळं. तो म्हणाला, ‘मंग बाबूसिंगले काहून जाऊ देलं?’

याचं उत्तर मानकात नाही.

१० ऑगस्ट

रूपसिंगला कोणी सांगितलं कोण जाणे. मी नाही, अश्वजित नाही म्हणतो. बहुतेक रजनीने. तो पहाटेच निघाला. संध्याकाळी परत आला, कमरेपर्यंत चिखल, नाला पार होईना. दारात उभा राहिला. पावसापासून डोकं झाकायला सागाचं पान धरलं होतं. ते पान माझ्या गच्चीवरच्या अँटेनाएवढं होतं. मोठं, खरखरीत, पाण्याने निथळणारं.

मी त्या पानाकडे पाहत राहिलो. तो म्हणाला, काय झालं साहेब?

हे पान एप्रिलमध्ये नव्हतं. एकही नव्हतं. अशी लाखो पानं आता मचाण आणि तांडा यांच्यामध्ये उभी आहेत, भिजलेली, निरोप अडवून, आणि मी दुर्बिणीतून त्यांचंच कौतुक करून आलो. साठ वर्षं या जिल्ह्यात काढली. साग पावसाळ्यात पानावर येतो हे मला कोणी सांगायला हवं होतं का? मला आणि अश्वजितला दोघांनाही माहीत होतं. आम्ही फक्त उन्हाळ्यात गेलो होतो.

रात्री जेवलो नाही. नवीन कलम लिहून पाहिलं: ‘मार्गातील झाडांना पाने नसावीत.’ वाचलं. फाडलं.

११ ऑगस्ट

पाऊस. बटण दाबलं नाही. मग दाबलं.

१३ ऑगस्ट, सोमवार

पाणी उतरलं. रूपसिंग, अश्वजित आणि मी गेलो. नाल्यात अश्वजितने माझा हात धरला होता. मी सोडवून घेतला नाही.

तांड्यात शिरलो तर कोणी बोलेना. रूपसिंगला पाहून बायांनी पदर तोंडाला लावला. देवसिंग नावाचे एक म्हातारे गृहस्थ त्याच्या खांद्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. रूपसिंगला काही समजेना. मला समजलं.

तानाबाई उपकेंद्राच्या ओसरीत डब्यासमोर बसल्या होत्या. आढ्याची झोळी सोडलेली होती. घडी करून मांडीवर ठेवली होती.

रूपसिंग पायाशी बसला. म्हणाला, याडी, पोरगी झाली, दोघी चांगल्या आहेत. त्यांनी त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, समजूत काढल्यासारखा. त्याने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं, शपथ घातली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

‘मंग दिवा काहून नाही लागला साहेब?’

मी पान सांगायला तोंड उघडलं. ओल, मार्ग, कलम, सगळं जिभेवर होतं. तानाबाई उत्तराची वाट पाहत होत्या. रागाने नाही. खरोखर विचारत होत्या.

परत फिरताना बाबूसिंगने सांगितलं. पहिली रात्र त्या बसून होत्या. दुसऱ्या दिवशी झोळी सोडली. लोकांनी खूप समजावलं, काकी, डबा बिघडला असेल, पावसात काहीही बिघडतं. त्या म्हणाल्या, डबा बिघडत नाही, साहेबाच्या कागदात लिहून हाये. तेव्हापासून त्यांच्या पोटात अन्न नव्हतं. एक आठवडा ती बाई आपल्या सुनेचं आणि नातीचं सुतक धरून बसली होती, आणि त्या दोघी माझ्या घरात गूळ-तुपाची खीर खात होत्या.

कलम तीन शब्दशः पाळणारी एकच व्यक्ती निघाली.

मी रस्त्यात एका दगडावर बसलो. अश्वजित म्हणाला, ‘चला काका, पानी येऊन राह्यलं.’ एप्रिलमधलं काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

१४ ऑगस्ट

तानाबाई कालच आमच्यासोबत आल्या. नाला त्यांनी माझ्यापेक्षा आधी पार केला. घरात शिरल्यावर बाळाला हात लावायच्या आधी पाय धुतले, हात धुतले, मग पुन्हा हात धुतले. रजनीने बाळ त्यांच्या मांडीवर दिलं आणि आतल्या खोलीत निघून गेली.

झोळी आमच्या हॉलमध्ये बांधली आहे. जागा तेवढीच होती, दिव्याच्या खाली.

आज मानकाचं काही लिहिलं नाही. अमेरिकेतून ईमेल आलं आहे, रुची दाखवल्याबद्दल आभार. मंदारला फोन केला नाही. सकाळी कूलरच्या ताट्या बदलल्या. ऑगस्टात कूलर लागत नाही. रजनीने पाहिलं, चहा आणून ठेवला.

तानाबाई दिवसभर झोळीला झोका देतात. बाळ जरा वेळ गप्प राहिलं की त्यांचा हात थांबतो. मग त्या आधी वर दिव्याकडे पाहतात आणि नंतर बाळाकडे. सकाळपासून पाहतो आहे, दर वेळी आधी दिवा.

दुपारी स्टुलावर चढून मी दिवा काढून ठेवला.